राखाडी भिंत

भिंतीला कान असतात, असं तुम्ही म्हणता. मला तर तोंडही आहे, आणि आज मी ते उघडणार आहे. मी जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या पाणीपुरवठा नियंत्रण कक्षातली मोठी भिंत बोलतेय. दगडविटांची नव्हे हो! सोळा पडदे एकमेकांना जोडून केलेली. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या टाक्या, पंप, पाइप सगळं माझ्या अंगावर दिसतं.

जन्म मात्र माझा कागदाचा. भार्गवी नावाच्या मुलीनं मला घडवलं. तिचे वडील बँकेत, बदली होऊन इथल्या बनी पार्क भागात आले आणि तिथेच रमले. त्यामुळे हिचं मराठी अर्धं हिंदीत बुडवलेलं. तिनं आधी कोऱ्या भिंतीवर मोठमोठे कागद डकवले, पंप सांभाळणाऱ्या उत्तमला खुर्चीत बसवलं आणि विचारत सुटली, "उत्तमभैया, इथून दिसतं? मान दुखते?" बिचारा कंटाळून गेला. पण अक्षरं केवढी हवीत, काय कुठे हवं, ते त्यातूनच ठरलं.

रंगाचं म्हणाल, तर तिनं मला राखाडी ठेवलं. सगळं सुरळीत असेल तर मी गप्प बसायचं. कुठे बिघाड झाला, तरच तिथे लाल दिवा.

कक्षाचे प्रमुख हिंदुराव मूळचे कोल्हापूरचे. मनानं चांगले, पण हौस दांडगी. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला बघून त्यांचा पाराच चढला.

"अगं पोरी, एवढा खर्च करून ही राख फासलेली भिंत दाखवू होय पाहुण्यांना? लोक म्हणतील, लाइट गेलीया! काहीतरी हलू दे, झगमगू दे."

"सर, मतलब... सगळीकडे रंग असले, तर बिघाड कसा दिसणार?"

"ते मला नको सांगू. उद्या पाहुण्यांना आवडलं, तर कायमचं तसंच ठेवायचं."

भार्गवीचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांची तिची मेहनत एका वाक्यात पुसली गेली होती. मला तिचं फार वाईट वाटलं. शेवटी तिनं मान तुकवली, पण एक हट्ट धरला. "बाकी सगळे रंग देते, सर. शोभेसाठी लाल नाही देणार."

"बरं बाई, नको देऊ!"

दुसऱ्या दिवशी मी नटले. निळ्या लाटा, पिवळी फुलं, हिरवे मोर! खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. पाहुणे आले, हारतुरे झाले, उत्तम पेढ्यांचं ताट घेऊन फिरू लागला. नेमकी त्याच दिवशी जवळच्या चाकसू गावात शीतलामातेची जत्रा. उन्हात माणसांचा महापूर, आणि तिथला पंप बंद पडला. माझ्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकू लागला.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. हिंदुरावही हसून टाळ्या वाजवत होते. मी जीव तोडून सांगतेय आणि लोक माझं कौतुक करतायत.

हा लाल शोभेसाठी ठेवलेला नाही, हे एकट्या भार्गवीच्याच ध्यानात आलं. "उत्तमभैया, चाकसू! पंप बंद आहे!" ती ओरडली. उत्तमनं ताट तसंच टेबलावर आदळलं आणि तिथला दुसरा पंप सुरू केला. जत्रेतलं पाणी तुटलं नाही. थोडक्यात निभावलं.

पाहुणे गेल्यावर हिंदुराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मीपण टाळ्या वाजवल्या की गं," ते भार्गवीला म्हणाले. "पूस ती रांगोळी. राखाडीच बरी."

तेव्हापासून मी राखाडीच आहे. भार्गवी दुसऱ्या गावी दुसरी भिंत घडवायला गेली. तिची आठवण येते. लोक मला बघायला येतात, जांभया देतात. एखादा विचारतोच, "बंद है क्या?"

हिंदुराव ऐटीत सांगतात, "चालू है जी. सबके घर पानी है."

तुम्हीही या कधीतरी. आणि येताना देवाकडे एवढंच मागा, की मला बघून तुम्हाला कंटाळा येवो.