एल्टन तुस्कानोचा शेवटचा मोसम

मंगळवारी सकाळी एल्टनने तिसऱ्यांदा फ्रिज उघडला, आत पाहिलं आणि काही न घेता बंद केला.

"काय शोधतोयस?" ऑफिसला निघालेल्या शेरिलने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"पाणी."

पाण्याची बाटली त्याच्या हातातच होती. शेरिल तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "शनिवारपासून तुझ्या पायाला भिंगरी लागलीये. डोकं दुखतंय का?"

"नाही गं. प्लेऑफचं टेन्शन आहे."

तो खोटं बोलत होता. शनिवारच्या सामन्यात एका धिप्पाड गड्याचं हेल्मेट त्याच्या कानशिलावर आदळलं होतं. तेव्हापासून डावीकडे पाहिलं की एका माणसाची दोन दिसायची. संघाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पायावर उभं केलं, बारा महिने उलटे म्हणायला लावले. तो चुकला नाही. "दोन दोन दिसतं का?" असंही त्यांनी विचारलं, तेव्हा तो बेधडक "नाही" म्हणाला.

हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये एल्टन टाइट एंड होता. ओळीच्या टोकाला उभं राहायचं, धावून येणाऱ्याला छातीवर घ्यायचं आणि कधीमधी चेंडू आलाच तर झेलायचा, हे त्याचं काम. कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या शाळेत असताना तो सहा फूट चारच्या वर गेला आणि फुटबॉलच्या कोचने त्याला हेरला. वसईहून आलेल्या त्याच्या आईवडिलांना, तेरेसा आणि जेराल्डला, या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ओहायोच्या युनिव्हर्सिटीने स्कॉलरशिप दिली तेव्हा तेरेसाने चर्चमध्ये केक वाटला. पुढे अमेरिकेतल्या एका संघाने दोन वर्षं त्याला नुसतं सरावाला ठेवलं आणि एका सकाळी फोनवर मोकळं केलं. मग कॅनडात सहा वर्षांत तीन शहरं झाली. कॅनडाच्या खेळात टाइट एंडला फारशी जागा नसते. कॅल्गरीत ती मिळाली होती, एका वर्षाच्या करारावर. वय एकतीस. एकदा बाहेर बसला की पुन्हा कोण बोलावणार?

रविवारी प्लेऑफच्या सामन्याला उणे बारा तापमान होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा केविन, चेंडू घेऊन मागे सरला आणि डावीकडून समोरच्या संघाचा एक गडी सुटला. त्याला अडवणं एल्टनचं काम. एल्टनला दोन गडी दिसले. त्याने त्यातल्या एकावर सगळं अंग झोकून दिलं, पण तिथे कुणीच नव्हतं; एल्टन स्वतःच तोंडावर आपटला. पाठीमागे काहीतरी कडकन वाजलं.

केविनची कॉलरबोन मोडली होती. त्याला उचलून नेताना एल्टन बाजूने चालत होता. वेदनेने पांढरा पडलेला केविन म्हणाला, "तू घसरलास ना? बर्फ होता तिथे. तुझी चूक नाही."

कोचही तेच म्हणाले, "घसरलास. विसर आता."

मध्यंतरात सगळे बसले होते, एल्टन एकटा येरझाऱ्या घालत होता. तिथे बर्फ नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. काहीच बोललं नाही तर कुणाला कळणारही नव्हतं. दोनदा तो डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परतला. तिसऱ्यांदा आत शिरला.

"मी घसरलो नाही," तो म्हणाला. "मला दोन दिसत होते. आठवडाभर दिसतायत."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्याआधीही दोनदा डोक्याला मार लागला होता. स्पेशालिस्ट म्हणाले, आता खेळायचं नाही. त्या संध्याकाळी त्याने घरी फोन केला. जेराल्ड तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "अरे, ब्रेक खराब असलेली गाडी मी एक दिवस रस्त्यावर सोडली नाही. आणि तू स्वतःच..." फोन तेरेसाने घेतला. "जेवलास का?" एवढंच तिने विचारलं आणि एल्टनला रडू फुटलं.

केविनला त्याने स्वतः जाऊन खरं सांगितलं. केविनने दार दाखवलं.

मार्चमध्ये शेरिलच्या नोकरीमुळे ते किचनर शहरात राहायला आले. दोन दिसणं थांबलं होतं. एल्टन फिजिओथेरपीच्या कोर्सला अप्लाय करत होता, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. मे उजाडला, मोसमाआधीच्या ट्रेनिंग कॅम्पचे दिवस आले, तसं पहाटे साडेपाचला अंग आपसूक उठायचं आणि कुठे जायचं ते न कळून तो नदीकाठी मैलोन्‌मैल चालत सुटायचा.

तिथेच एकदा केविनचा फोन आला.

"खांदा मोकळा झाला. आजपासून चेंडू फेकतोय," केविन म्हणाला. "पण माझा राग गेलेला नाही."

"माहितीये."

"धापा कसल्या टाकतोयस? पळतोयस?"

"चालतोय. बसवत नाही रे."

"मग चाल," केविन म्हणाला, "मी पण स्ट्रेचिंग संपेपर्यंत लाइनवर आहे."