जिवंत भेग

चाळीस वर्षं लोकांच्या भिंती उभ्या करणाऱ्या गवंड्याच्या स्वतःच्या घरात खिडकीजवळच्या भिंतीला भेग जावी, याची त्याच्या बायकोला मोठी गंमत वाटायची. धंद्यातले लोक त्याला भेगांचा डॉक्टर म्हणत, म्हणून ती शेजारणींना हटकून सांगायची, "डॉक्टरांच्या घरचं दुखणं तेवढं कोणी बघत नाही." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. भेग मुलीच्या खोलीत होती, आणि दोन वर्षांपूर्वी मुलगी घर सोडून गेली त्या दिवसापासून त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

सोमवारी मुलीचा आईला फोन आला. रविवारी येते, चार दिवस माझ्या खोलीत राहीन, बाबांना चालेल ना? बाबांना न चालायला काय झालं होतं! ती जाताना, रागाच्या भरात, तिच्या बॅगेकडे बघत तो म्हणाला होता, "गेलीस तर तू आम्हाला मेलीस." बोलून गेल्यावर लगेच आतून काहीतरी तुटलं होतं, पण तो शब्द मागे घ्यायला जीभ काही वळली नव्हती. आता ती आली की सगळ्यात आधी तो शब्द मागे घ्यायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं, आणि बोलण्यात तो पहिल्यापासून कच्चा असल्यामुळे सुरुवात भिंतीपासून केली.

भेग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी छताकडे गेली होती. खिडकीवरच्या आडव्या तुळईचं, लिंटेलचं टोक भिंतीत पुरेसं बसवलेलं नसलं की सगळा भार कोपऱ्यावर येतो आणि भिंत तिथेच उकलते, हे त्याला बघताक्षणी कळलं. पण कारण कळलं म्हणून लगेच थापी हातात घ्यायची त्याची रीत नव्हती. त्याने भेगेवर आडवी, गिलाव्याची पातळ पट्टी ओढली, शेजारी पेन्सिलीने तारीख घातली, खिडकीची रुंदी टेपने मोजून 'चार फूट' असं लिहिलं आणि खाली 'रविवारच्या आत' अशी स्वतःलाच ताकीद दिली.

"आता भरायची सोडून हे काय?" बायकोने विचारलं.

"पट्टी तुटली तर भेग जिवंत, अजून हलतेय. नाही तुटली तर मेलेली. मेलेली भरायला सोपी," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडचा शब्द ऐकून पेन्सिल खिशात टाकत खोलीबाहेर पडला.

बुधवारी पट्टी तुटलेली नव्हती. ती मधोमध फुगून वर आली होती, दोन्ही बाजूंनी कोणी हलकेच दाबत असावं तशी. भेगा रुंदावतात किंवा आहेत तशा राहतात. आपणहून मिटत आलेली भेग त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने टेप लावला. खिडकी तीन फूट दहा इंच भरली. चौकट कुठे वाकली नव्हती, काचेला चरा नव्हता, कडीसुद्धा नीट बसत होती.

बायकोने डोकावून पाहिलं. "भरून येतेय ती," जखमेबद्दल बोलावं तशा सुरात ती म्हणाली. "बरंच झालं की. तुमचे कष्ट वाचले."

गुरुवारी खिडकी आणखी वीतभर आक्रसली. खोलीतला उजेड मऊ, दुधट झाला होता, आणि पलंगाच्या कडेला बसल्याबसल्या त्याचे डोळे मिटू लागले. दोन वर्षं छातीत सलणारं काहीतरी आज सलत नव्हतं. त्याला थोडी शरम वाटली, पण झोप मात्र छान लागली.

शुक्रवारी सकाळी भिंतीवरची 'रविवारच्या आत' ही अक्षरं त्याने बराच वेळ न्याहाळली. अक्षर त्याचंच होतं.

"रविवारी काय आहे गं?"

चादरीची घडी घालता घालता बायको थांबली. "काहीतरी होतं खरं," ती म्हणाली. मग दोघंही आपल्या म्हातारपणाला हसली.

संध्याकाळी तो सिमेंट आणायला गेला तेव्हा दुकानदाराने सहज विचारलं, "मुलगी येणार म्हणे?" गवंड्याला एकदम सगळं आठवलं. अर्धं पोतं खांद्यावर टाकून तो धावतच घरी आला आणि छिन्नी-हातोडा घेऊन खोलीत शिरला. भेग पुन्हा उघडायची, हवी तेवढी रुंद होऊ दे, भिंत पडली तरी बेहत्तर. पण खिडकीच्या जागी आता जेमतेम झरोका उरला होता आणि त्याच्याभोवती भेग कुठेच नव्हती. त्याने भिंतीवर बोटं फिरवली, टकटक करून पाहिलं. कुठे पोकळ वाजेना. त्याने मुलीला हाक मारून पाहिली. हाकेचं पहिलं अक्षर तोंडातून निघालं आणि पुढचं कोणतं, ते त्याला आठवेना. तो पलंगावर बसला. "तू मेली नाहीस, तू मेली नाहीस," असं तो घोकत राहिला, आणि घोकता घोकता ते कोणाला म्हणतोय हेही हळूहळू पुसट होत गेलं. झरोक्यातून वारा येत होता. फार बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. तो नळाखाली हात धूत होता. नखांत सिमेंट गच्च बसलं होतं. ओल्या हातांनीच त्याने दार उघडलं. बाहेर एक तरुण बाई बॅग घेऊन उभी होती.

"बाबा," ती म्हणाली.

हल्ली म्हाताऱ्या माणसाला असं आपुलकीने कोण हाक मारतं! त्याला पोरीचं कौतुक वाटलं. "या ना, आत या. कोण हवंय तुम्हाला?"

ती हसली, मग तिचं हसू विरलं. "अजून राग गेला नाही का?"

"राग? कसला?" त्याने अगदी मनापासून विचारलं. बायकोने पाहुणीसाठी पाणी आणलं आणि खुर्ची पुढे केली.

पाहुणीने पाण्याला हात लावला नाही. बॅग तिथेच टाकून ती या घराची सवय असल्यासारखी सरळ बोळातून शेवटपर्यंत चालत गेली. तिथे दार नव्हतं. करडी, गुळगुळीत, सलग भिंत होती. तिने दोन्ही तळवे त्या भिंतीवर टेकले आणि आतला कानोसा घ्यावा तसं कपाळ पुढे नेलं.

तो लगबगीने तिच्यामागे गेला.

"अहो, जरा जपून," तो अजिजीने म्हणाला. "हात नका लावू. अजून ओली आहे."