सांध्यावरचा हात

तारेचं यंत्र थांबलं, तरी स्टेशनमास्तर वासुदेवरावांची पेन्सिल कागदावरच टेकलेली होती. आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. तार तंजावरहून, सांधेवाल्या सेतुरामच्या नावे.

कुंभकोणम् स्टेशनात तंजावरला जाणारी गाडी बाजूच्या रुळावर उभी होती. समोरून मेल आत यायची, मग हिला वाट मिळायची. दोन्ही वेळा रुळांचा सांधा बदलायला सेतुराम हवा. दुसरा सांधेवाला तापाने फणफणलेला. आता सांगावं, तर थरथरत्या हातात मेलचे तीनशे जीव. न सांगावं, तर गाडी निघून जाणार आणि पुढची उद्या सकाळी.

मेल आत येईपर्यंत गप्प राहायचं, असं रावांनी ठरवलं. तार खिशात घातली.

सेतुराम निशाण काखेत मारून निघाला होता. "डेय, रेल्वे तुझ्या सासऱ्याची काय? पाय उचल!" असं तमिळमध्ये खेकसायची रावांची रोजची रीत. आज ते म्हणाले, "सेतू, जेवलास कीं?"

मराठी दोघांच्याही घरची; पण अकरा वर्षांत स्टेशनात तिचा एक शब्द त्यांच्यात झाला नव्हता.

सेतुराम थबकला. "जेवलों, राव." आणि चालू लागला.

मेल आली. इंजिन सांध्यावर खडखडलं, किंचित हेलकावलं आणि नीट मुख्य रुळावर उतरलं. तंजावरच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात परवानगीचा कागद कोंबून राव सांध्याकडे धावत सुटले.

"सेतू, अरे, तुझी आई..."

"मज कळलें." सांध्याचा दांडा त्याने सोडला नव्हता. "तुम्हीं मराठींत जेवण विचारलें, तेव्हांच."

"मग बोलला कां नाहींस?"

"विचारलें असतें, तर तुम्हीं सांगितलें असतें. मग हा हात माझा राहिला नसता."

"गाडींत बैस. सांधा मीं धरतों."

"मास्तरानें स्टेशन सोडलें म्हणून गार्ड साहेबाकडे वर्दी देईल, राव."

"देऊं दे. बैस म्हटलें ना!"

सेतुरामने दांडा ओढला. वाकून रूळ घट्ट बसल्याचं बोटांनी चाचपून पाहिलं, मगच रावांचा हात दांड्यावर ठेवला आणि पहिल्या डब्याकडे पळाला.

गार्डने घड्याळ पाहून काहीतरी लिहून घेतलं. गाडी हलली. सेतुराम दारातून अर्धा बाहेर वाकला होता. तंजावरच्या दिशेला त्याची पाठ होती. शेवटचं चाक पार होईपर्यंत तो सांध्याकडेच पाहत राहिला.