शाळेपासून दुकानापर्यंत

एक्क्याण्णव साली मी धरणगावजवळच्या एका गावात शिक्षिका होते. शाळा चौथीपर्यंत. त्या दिवाळीत मोतीलालशेठनं देशी दारूचं सरकारमान्य दुकान स्टँडवरून हलवून आमच्या शाळेमागच्या नव्या बांधकामात आणलं. दहाला उघडायचं दुकान सकाळी सहालाच उघडू लागलं. कापूस वेचायला निघालेली माणसं आधी तिथं थांबत आणि बरीचशी तिथंच बसून राहत.

यशोदाबाई मजुरीला जायची. तिचा नवरा उखर्डू रोज त्या दुकानाच्या पायरीवर असे. एके दिवशी ती शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, शायाना जोडे दुकान चालस का कायद्यामा? कागद लिखा."

शाळेजवळ दारूचं दुकान कायद्यात बसत नाही, असा अर्ज मी लिहिला. तिनं दारोदार फिरून एकशे बारा बायांचे अंगठे घेतले. अर्ज जळगावला गेला आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दारूबंदी खात्याचे निरीक्षक जीपमधून उतरले. बरोबर एक शिपाई आणि तीस मीटरची टेप.

बाया कामं टाकून आल्या होत्या; सरपंच आणि शेठही होते. मी मुलांना सुट्टी दिली, पण घरी कोण जातंय! सगळी शाळेच्या भिंतीवर चढून बसली.

साहेबांनी आधीच सांगितलं, "शाळेच्या फाटकापासून दुकानाच्या दारापर्यंत मोजणार. माणसं चालतात त्या वाटेनं. शंभर मीटरच्या आत भरलं तर दुकान इथं राहणार नाही. बाहेर भरलं तर माझ्या हातात काही नाही."

शिपायानं रस्त्यानं टेप धरली. तीस. साठ. नव्वद. मुलं मोठ्यानं मोजत होती. वळण घेऊन टेप दुकानाच्या दाराशी टेकली.

"एकशे अठरा," शिपाई म्हणाला.

मोतीलालशेठ हसला. "मी काय नियमाबाहेरचा माणूस आहे, साहेब?"

"गल्लीतून मोजा!" यशोदाबाई ओरडली. शाळेच्या भिंतीलगत एक बोळ होता, थेट दुकानाच्या बाजूला निघणारा. पण त्याच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. शनिवारपर्यंत ते नव्हतं, हे मी स्वतः पाहिलं होतं.

"ती वाट नाही, माझी पडीक जागा आहे," शेठ म्हणाला.

"वाटच शे ती! बठ्ठा गाव चालस तठेतून!" बायांनी एकच गलका केला.

साहेबांनी हात वर केला. "तुम्ही अर्जदार. बाई सरकारी नोकर, त्यांनीच अर्ज लिहिलाय. गावातल्या दुसऱ्या कुणी सांगावं की ही वहिवाटीची वाट आहे."

सरपंच पागोट्याचा पदर नीट करू लागले. समोरच्या पारावरची माणसं जमिनीकडं बघत होती. त्यातले निम्मे शेठचे गिऱ्हाईक, उरलेले त्याच्याच शेतात राबणारे. साहेबांनी टेप गुंडाळायची खूण केली.

"थांबा साहेब."

दुकानाच्या पायरीवरून उखर्डू उठला. त्या दिवशी तो शुद्धीवर होता. यशोदाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, हा आता शेठची बाजू घेणार.

"उखर्डू, बस खाली," शेठ हळूच म्हणाला. "संध्याकाळी बघू तुझं."

उखर्डूनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "वाट शे साहेब. मी डोया मिटीसन चालस तठेतून."

"तुम्ही तर रोजचे पिणारे. तुमच्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवू?"

उखर्डूनं भिंतीवर बसलेल्या मुलांकडं बोट केलं. तिथं त्याची बेबी होती, माझ्या तिसरीतली.

"मन्ही पोर शे ती. शाया सुटनी का याच वाटे येस. माले उठाडाले."

साहेब बेबीकडं वळले. "बापाला उठवायला या वाटेनं येतेस, खरं का गं?"

बेबीनं मान हलवली. "रोज."

पुढचं सगळं एका दमात झालं. उखर्डू बोळाच्या तोंडाशी गेला आणि उघड्या हातांनी बाभळीची फांदी ओढू लागला. बोटांतून रक्त आलं. यशोदाबाई धावली, तिच्यामागून तिची शेजारीण झुंबरबाई, मग सगळ्याच. कुणी पदर हाताला गुंडाळला, कुणी विळा आणला. काटे बाजूला झाले आणि खाली पायांनी गुळगुळीत झालेली माती दिसली. साहेब वाकून बघत राहिले.

"धर टेप," ते शिपायाला म्हणाले.

तीस! मुलं ओरडली. साठ! आता बायाही मोजत होत्या. टेप दाराला लागली.

"एकाहत्तर!"

असा आवाज त्या गावात मी पोळ्यालाही ऐकला नव्हता. यशोदाबाईनं मला उचललंच. पंचनाम्यावर पहिला अंगठा उखर्डूचा होता, शाई आणि रक्त दोन्हीचा.

एप्रिलमध्ये दुकान गावाबाहेर दीड मैलावर गेलं. वेळेची पाटी लागली आणि ती वेळ पाळलीही जाऊ लागली, कारण झुंबरबाई अधूनमधून मुद्दाम तिकडून चक्कर मारायची.

उखर्डूनं दारू सोडली, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्याआधी तो मला बाजाराच्या दिवशी भेटला. तोंडाला वास होता, पण चाल सरळ होती.

"पिऊन आलात का उखर्डूभाऊ?" मी विचारलं.

तो ओशाळला. "आठवडामा एकच दिन, बाई. दीड मैल जानं, दीड मैल येनं. जितली पिसन घर चालत येता येस, तितलीच पेस आते."

मागून यशोदाबाई डोक्यावर बाजाराची पाटी घेऊन येत होती. तिनं हे ऐकलं, पाटी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि दोघं घराकडं निघाली.