समेवरची टाच

पाचव्या वळणावर पुन्हा तेच झालं. डावी स्की कडेवर उभी राहिली, क्षणभर शहाण्यासारखी धावली आणि मग शशिकांतच्या टाचेने तिला बाहेर ढकललंच. खर्रर्र आवाज झाला, बर्फाचा भुगा उडाला आणि तो आडवा होऊन परीक्षेसाठी बांधलेल्या दोरीपाशी थांबला. पडला नाही, याचाच जास्त राग आला. पडला असता तर निदान काही घडलं असं तरी वाटलं असतं.

खाली हेदर उभी होती. ही या बर्फाच्या हॉलमधली शिकवणारी, साठीतली, स्कॉटलंडची, बोलायला अगदी चिक्कू. याला वळण म्हणत नाहीत, ब्रेक म्हणतात, एवढंच ती म्हणाली. स्की क्लबच्या प्रवेश परीक्षेत दोन संधी असतात, त्यातली एक आता संपली होती.

शशिकांतने मान डोलावली. हे तिने सांगायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. खरं तर या विषयात त्याला ठाऊक नाही असं काही उरलंच नव्हतं. पोटरी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकवायची, घोटे कलते करायचे, स्कीची कड बर्फात रुतू द्यायची आणि मग काही म्हणजे काही करायचं नाही. स्की कमरेत बारीक असते, ती आपली आपण वळते. ढकललीत की घसरते, तिच्यावर सोपवलंत की बर्फ कापत जाते. याचंच नाव कार्व्हिंग. हे तो इतकं सुरेख समजावून सांगे की ऐकणाऱ्याचे पाय बसल्या जागी कलते व्हायचे. बेसिंगस्टोकच्या त्याच्या ऑफिसातला अर्णव हिवाळ्यात एकदा सहज म्हणून त्याच्या गाडीतून आला, वाटेत तासभर हे निरूपण ऐकलं आणि ईस्टरच्या सुमारास छान कार्व्ह करायला लागला. भेटेल तिथे म्हणायचा, "शशीदादा, फुल क्रेडिट तुम्हाला." तो मनापासून म्हणायचा, म्हणून तर ते जास्त झोंबायचं.

निरूपण शशिकांतच्या रक्तातच होतं. आठवडाभर तो ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा, पण महिन्यातल्या एका रविवारी मेडनहेडच्या स्काउट हॉलमध्ये धोतर नेसून, उपरणं सावरून कीर्तनाला उभा राहायचा. पेटीवर त्याची बायको देविका, तबल्याला इल्फर्डहून येणारे एक काका आणि मागे हातात टाळ घेऊन ईशिता, त्याची लेक. पुढे जेमतेम चार रांगा खुर्च्या. पण गजर सुरू झाला की त्या हॉलच्या हीटरलासुद्धा ऊब आल्यासारखी वाटे. 'देवावर सोपवा, धरून ठेवू नका' हा त्याचा आवडता विषय. आणि इथे, या एवढ्याशा उतारावर, दोन फळ्यांवर स्वतःला सोपवणं त्याला साधत नव्हतं. बर्फावर उभं राहून त्याला कधीकधी वाटे, इतकी वर्षं आपण लोकांना सांगत आलो ते सगळं नुसतं तोंडानेच की काय?

ईशिता तेरा वर्षांची झाली आणि शाळेच्या सहलीबरोबर या बंदिस्त बर्फाच्या हॉलमध्ये आली. ती इथलीच झाली. रविवारी संध्याकाळी क्लबचं सेशन असे, त्यामुळे टाळ कपाटात गेले. शशिकांतने समजूत घातली, जरा रुसूनही पाहिलं, आणि शेवटी पन्नाशी ओलांडल्यावर स्वतःच बूट भाड्याने घेतले. लेक येत नाही ना, मग आपण जाऊ, इतका साधा हिशोब. पण क्लबच्या सेशनला ज्याला कार्व्हिंग येतं त्यालाच सोडत. बाकीच्यांसाठी दुपार. म्हणजे तो निघायचा तेव्हा ती यायची. पार्किंगमध्ये गाडीची किल्ली या हातातून त्या हातात जायची, तेवढीच भेट. आता सप्टेंबरात ती शिकायला ग्लासगोला चालली होती. आज पास झाला तर उन्हाळ्याचे उरलेले रविवार एकाच लिफ्टच्या रांगेत उभं राहता येणार होतं. पुढची परीक्षा ऑक्टोबरात.

दुसऱ्या संधीसाठी तो वर पोहोचला तेव्हा ईशिता तिथे आधीच उभी होती. आज ती लवकर आली होती आणि दोरीच्या पलीकडून सगळं पाहत होती.

"बाबा, तू मनात गात असतोस ना?"

"गात नाही. नाव घेतो."

"हां, तेच. आणि सम आली की तुझा टाच जातो. बाहेर. धप्प."

"टाच जाते. जातो नाही."

"व्हॉटेव्हर. जाते." तिने हेल्मेटचा पट्टा सैल केला. "मी तुझ्या मागे उभी राहायचे ना, तेव्हा मला पुढचं काहीच दिसायचं नाही. फक्त तुझा टाच दिसायचा. काकांचा तबला चुकायचा, पण तुझा टाच नाही चुकायचा. मी टाळ त्याच्यावरच वाजवायचे."

खरंच होतं. विठ्ठलाचं नाव घेतलं की समेवर उजवी टाच जमिनीवर पडायची. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिला कुणी थांबवणारंही नव्हतं. इथे बुटात आवळलेली टाच खाली आपटू शकत नव्हती, म्हणून बाहेर सटकत होती. मग डावी टाचही तिचं पाहून बिघडलेली. दोन हिवाळे त्याने गुडघ्यांना दोष दिला, भाड्याच्या बुटांना दिला, वयाला दिला. आणि वैताग याचा, की हे त्याला कालच्या पोरीने सांगावं. तेही टाळ खाली ठेवून गेलेल्या.

"मग काय, नाव सोडू?" त्याचा आवाज चढला. हे विमानातून पहिल्यांदा हीथ्रोला उतरतानाचं नाव होतं, देविकाच्या ऑपरेशनच्या वेळचं होतं, नोकरी जाता जाता राहिली तेव्हाचं होतं. भीती वाटली की तेच आधी ओठांवर यायचं. ते वर ठेवून एकट्याने खाली जायचं?

"नाव नको सोडू," ईशिता म्हणाली. "ताल सोड. एकच नाव घे, लाँग. टर्न संपेपर्यंत. श्वास सोडतोस तसं."

तालाशिवाय नाव. असलं काही त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चिडूनच त्याने काठ्या रोवल्या आणि स्वतःला उतारावर सोडलं.

पहिलं नाव त्याने लांबवलं. टाच चुळबुळली, पण सम आलीच नाही, तेव्हा बिचारी वाट बघत राहिली. कड रुतली आणि कापडातून कात्री जावी तसा बारीक आवाज झाला. तो आपल्या पायांखालून येतोय हे त्याला आधी कळलंच नाही. स्की वळली. आपली आपण. दुसरं वळण. तिसरं. कुणीतरी मोठ्या मायेने हाताला धरून फिरवून आणावं, तसं. आणि खालच्या हेदरने पहिल्यांदाच खिशातून हात बाहेर काढलेले दिसले.

जमलं! छातीत आनंदाचा असा लोट उठला की नाव आपोआप धावायला लागलं, गजर शेवटाला येतो तेव्हा टाळ्या जलद होतात तसं. सम आली. टाच पडली. या वेळी मात्र तो खरोखर पडला, आणि पालथा घसरत हेदरच्या पायांशी जाऊन थांबला.

हेदरने हात देऊन उठवलं, मागे वळून बघायला सांगितलं. परीक्षेसाठी ताज्या सपाट केलेल्या बर्फावर, वरच्या भागात, दोन बारीक समांतर रेषा तीनदा वळल्या होत्या. ही तीन वळणं खरी आहेत, ती म्हणाली. पण तळापर्यंत सलग हवीत, आज सही करता येणार नाही.

शशिकांत जन्मात कुणाशी हुज्जत घालत नसे. आज घातली. आणखी एकच संधी द्या म्हणाला, आता कळलंय म्हणाला, ऑक्टोबरात उपयोग नाही असंही म्हणून गेला. का, ते त्याला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. हेदरने ऐकून घेतलं, सॉरी म्हणाली. क्लबची वेळ झाली होती.

भीतीने घात केला असता तर त्याला पटलं असतं. तिच्याशी कसं झुंजायचं हे तो लोकांना सांगत आला होता. आनंदाने घात केला. याला काय करायचं, हे कुठल्याच निरूपणात बसत नव्हतं.

तो कठड्यामागच्या बाकावर बसला आणि बुटांचे क्लिप उघडू लागला. बोटं गारठली होती, उघडेनात. समोर हेदरने परीक्षेची दोरी काढली. क्लबची मुलं एकामागून एक सुटली, सुंदर, वेगाने, आणि उताराच्या मधोमध त्याच्या त्या दोन रेषांवरून सरळ कापत खाली आली.

ईशिता सर्वांत शेवटी निघाली. ती मधून आली नाही. अगदी भिंतीलगत, जिथे स्की धड कलायलाही जागा नव्हती, तिथून आखडत, हळू उतरली. तिच्या कोचने खालून ओरडून लाइन चुकली म्हणून सांगितलं. तिने हात वर करून ऐकलं असं दाखवलं आणि लिफ्टकडे गेली.

तोवर वरच्या बर्फावर रेषा उरल्या नव्हत्या, सगळा चिवडा झाला होता. तरी दुसऱ्या फेरीलाही ती भिंतीलगतच उतरली.