उभा टीव्ही आणि निळी टेप

त्सुचिउरा शहरात उद्या दुपारनंतर पावसाच्या सरी. एवढं कळायला नागिसाला मान उजव्या खांद्यावर टाकावी लागली, कारण गेल्या रविवारपासून त्यांच्या घरातला टीव्ही उभा होता. त्रेचाळीस इंची, भला रुंद टीव्ही, दाराच्या फळीसारखा टांगलेला. त्यात हवामान सांगणारी बाई कुशीवर झोपून बोलत होती. कडेवरच्या इतोहाने आईकडे पाहिलं आणि तिनेही मान टाकली. अकरा महिन्यांची पोर.

"बघ बघ, कशी शिकली!" तिचा नवरा तेत्सुरो खूश झाला.

नागिसाला मात्र इतोची तपासणीची वही आठवली. तिच्यात एक प्रश्न होता, मूल मान एकाच बाजूला झुकवतं का म्हणून. गेल्या महिन्यात तिने तिथे 'नाही' असं ठसठशीत लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात काय लिहायचं?

"सरळ कधी करणार आहेस तो?"

"सांगितलं ना, एकदा संपवला की लगेच."

संपवायचा होता तो एक गेम. स्टेशनजवळच्या गेम सेंटरमध्ये तेत्सुरो तो चौदा वर्षं खेळला होता. तळाशी एक इवलंसं विमान, वरून गोळ्यांचा सडा, आणि पडदा मुळातच उभा. नेहमीच्या टीव्हीवर तो लावला की मधोमध एक पट्टी दिसायची आणि दोन्ही बाजूंना काळा अंधार. एका नाण्यात शेवटच्या राक्षसाला पाडायचं, हे त्याचं शाळेपासूनचं वेड. मार्चअखेर गेम सेंटर बंद झालं. त्या दिवशी तो घरी आला तो कुणाच्या तरी अंत्यविधीहून आल्यासारखा. तेव्हा नागिसाच म्हणाली होती, "मग घरी खेळ की." आठवडाभर ती या वाक्याबद्दल स्वतःला कोसत होती.

घर भाड्याचं, भिंतीला खिळा मारायची सोय नाही. म्हणून त्याने जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवायचे दोन लाकडी खांब आणले. वरच्या टोकाला स्प्रिंग, ती पान्याने आवळली की खांब घट्ट. त्या खांबांवर ब्रॅकेट, ब्रॅकेटवर टीव्ही. पहिल्यांदा त्याने टीव्ही डावीकडे फिरवला, तर विमान छतावरच्या पालीसारखं उलटं लटकलं आणि गोळ्या जमिनीतून उगवू लागल्या. मग पुन्हा चार बोल्ट सोडा, पुन्हा तिने धरायचं, पुन्हा आवळा. तेव्हापासून 'रोज बातम्यांपुरता सरळ कर' हे म्हणायचीही सोय उरली नव्हती.

पूर्वी टीव्ही बुटक्या कपाटावर बसायचा, पायांखाली भूकंपासाठीचे चिकट जेलचे तुकडे, मागे पट्टा. ते जेल त्याने ओरबाडून खिडकीच्या कठड्यावर फेकले होते. मंगळवारपर्यंत त्यांच्यावर धूळ आणि इतोचे केस बसले. नागिसाने ते धुऊन वाळवले. धुतले की पुन्हा चिकटतात ते. कशासाठी धुतेय, हे मात्र तिने त्याला सांगितलं नाही.

इतो आता धरून उभी राहायला लागली होती. टेबल, सोफा, आईची विजार, जे हाताला लागेल ते. आणि घरात सगळ्यात सोयीचं, बरोब्बर तिच्या मुठीत मावणारं, काय होतं? तो खांब. टीव्ही दहा किलो, इतो आठ किलो दोनशे ग्रॅम. नागिसा दिवसातून वीसदा तिला तिथून उचलायची आणि वीसदा इतो आपली रांगत परत.

"हा खांब हलतोय."

"नाही गं. मी सगळं वाचून बसवलंय."

"मला वाटतं हलतोय."

"तुला फ्रिजही हलताना दिसतो."

"फ्रिज हललाच होता! गेल्या थंडीत चार बोटं पुढे आला होता."

"तो भूकंप होता, नागी."

"मग मी काय म्हणतेय?"

आज शनिवार. दुपारी तीनच्या सुमाराला तेत्सुरो टीव्हीसमोर मांडी घालून, मांडीवर लाकडी पेटीवर बसवलेला गेमचा दांडा घेऊन बसला होता. मागे सतरंजीवर नागिसा इतोचा लंगोट बदलत होती. इतो उताणी पडून वर बोट दाखवत होती. "आ! आ!"

"काय आहे वर? माशी?"

माशी नव्हती. छताच्या पांढऱ्या कागदावर निळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे होते, नखाएवढे. एक डाव्या खांबाच्या उजवीकडे वीतभर, दुसरा उजव्या खांबाच्या उजवीकडे वीतभर.

तिने लंगोट बांधला, इतोला कडेवर घेतलं आणि बाल्कनीतून कपडे वाळत घालायची काठी आणली. टेपपाशी ठोकलं. टक टक. खांबाच्या वरच्या टोकाशी ठोकलं. ढब ढब. पुन्हा टेपपाशी. टक टक. तिथे आत लाकडाची तुळई होती. खांब जिथे होते तिथे नुसती पुठ्ठ्यासारखी पातळ फळी, आणि वर पोकळी.

"तेत्सु, त्या निळ्या टेपा कुणी लावल्या?"

"अं? मीच. तुळई शोधायला."

"मग खांब तिथे का नाहीत?"

तेत्सुरोची बोटं थांबली नाहीत. "तिथे लावला तर खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो. नेमका खाली, विमान असतं तिथे. काही दिसत नाही. म्हणून जरा सरकवला."

नागिसाला आधी राग आलाच नाही, तिने नुसती काठी खाली ठेवली. त्याला माहीत नसतं तर ती समजू शकली असती. माहीत नव्हतं, चुकलं, माणूस आहे. पण याने तुळई शोधली होती, त्यावर खूण केली होती, आणि मग उजेड पडतो म्हणून वीतभर बाजूला जाऊन आपल्या मुलीच्या डोक्यावर दहा किलो टांगले होते. आणि आठवडाभर तिला ऐकवत होता, तुला फ्रिजही हलताना दिसतो.

"आत्ता उतरव."

"उतरवतो गं. हा डाव संपू दे."

"आत्ता!"

"नागी, पाचवी पायरी ओलांडलीय! घरी पहिल्यांदा! राक्षस आलाय, बघ. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं."

खरंच पडद्याच्या माथ्यावरून काहीतरी प्रचंड उतरत होतं आणि जांभळ्या गोळ्यांची फुलं उमलत होती. ती इतोला घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलापाशी गेली, टीव्हीपासून जितकं दूर जाता येईल तितकं. भांडी आपटावीशी वाटत होती, पण कडेवर पोर होती.

मग कपाटातले वाडगे किणकिणले.

आधी जरासे, मग सगळेच. लटकता दिवा झुलू लागला. नागिसा इतोला पोटाशी धरून टेबलाखाली शिरली आणि तिथून तिने पाहिलं, तेत्सुरोने दांडा टाकून दिला, उडी मारून टीव्हीला मिठी घातली. वरून कडकन आवाज आला. पडद्यावर त्याच्या पोटाच्या बाजूने एक छोटा स्फोट झाला, विमान गेलं.

दहा-बारा सेकंदांत सगळं थांबलं. दिवा तेवढा झुलत राहिला.

"इतो?" तेत्सुरोने विचारलं.

"ठीक आहे. तू?"

"मी ठीक. अगं, बातम्या लाव."

सवयच ती. हललं की आधी बातम्या. नागिसाने टेबलाखालून रिमोट दाबला. नकाशा आला, आडवा पडलेला, आणि त्यावरून आकडे वरून खाली घसरू लागले.

"किती?" तेत्सुरो टीव्हीला गाल लावून उभा होता, त्याला काहीच दिसत नव्हतं. "आपल्याकडे किती तीव्रतेचा?"

"हात काढ, झाकलंस तू."

"काढला तर पडेल!"

"मग मी कसं वाचू? आधीच आडवं लिहिलंय!" तिने मान उजवीकडे टाकली. इतोनेही टाकली. "तीन. त्सुचिउरा तीन."

"तीनच?" त्याने सुस्कारा सोडला. "तीनच तर होता."

नागिसा टेबलाखालून बाहेर आली. उजव्या खांबाच्या टोकाशी छताचा कागद चुरगळून आत खचला होता, आणि खांब वरून दोन बोटं पुढे कलला होता. तेत्सुरोने मान वर करून ते पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"तीनच तर होता," ती म्हणाली. "मग सोड की हात."

त्याने हात सोडला नाही.

तिने इतोला उंच खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, गळ्यात लाळेरं अडकवलं. सकाळची भाताची पेज गरम केली, त्यात कमळकाकडी किसून घातली. चमचा फुंकरून फुंकरून भरवायला लागली.

"नागी."

"हं."

"बोल्ट सोडायला हवेत. पाना ड्रॉवरमध्ये आहे. तू एका बाजूने धरलंस तर..."

"आ कर, राणी. आणखी एक."

"माझे हात दुखायला लागलेत गं."

"इतोचं जेवण होऊ दे."

इतोने आज नेमकी घाई केली नाही. प्रत्येक घास तोंडात घोळवून, अर्धा बाहेर काढून, पुन्हा आत घेऊन ती जेवत होती. एरवी नागिसाचा जीव वरखाली झाला असता. बातम्यांत त्सुनामीचा धोका नाही असं सांगितलं, मग पुन्हा हवामान. तेत्सुरोने एकदा पाय बदलला. खांब कुरकुरला तसा पुन्हा न हलता उभा राहिला.

"उतरवून परत कपाटावरच ठेवूया," शेवटी टीव्हीमागून आवाज आला. "आडवा."

"आणि तुळईखाली का नको?"

"उजेड..." तो म्हणाला. मग बारीक आवाजात, "इतो न धरता चालायला लागेपर्यंत नको."

नागिसाने वाडग्याचा तळ खरवडला. शेवटचा चमचा अजून बाकी होता.

"ते जेलचे तुकडे कुठेयत? मी फेकले होते ते."

"धुऊन ठेवलेत. मंगळवारीच," ती म्हणाली आणि पाना आणायला उठली नाही. इतोने अजून तोंड उघडलं नव्हतं.