वाया जाणारा दाब

मिस्त्रीने शेवटचा बोल्ट सोडवून झाकण उचललं. आतल्या चकतीच्या चारही पात्या कडेने झिजल्या होत्या. नव्या बसवून बारा दिवसही झाले नव्हते.

शीतगृहाचा मॅनेजर मागे उभा होता. "यंत्र फिरत होतं ना?"

"फिरत होतं."

"आणि विजेचा खप?"

मिस्त्रीने पान्याचं तेल पुसलं. "होता तेवढाच."

"मग आता पुरे करा. सोमवारी हे काढून साधी झडप बसवा."

थंडाव्याच्या यंत्रात झडप सगळीकडे असतेच. कार्बन डायऑक्साइड प्रचंड दाबाने येतो, तिच्या बारीक छिद्रातून सुटतो, आणि त्या दाबातलं बळ फुकट जातं. त्या बळावर चकती फिरवायची, तिने कॉम्प्रेसरला हातभार लावायचा, एवढीच कल्पना. ती दादाची, मिस्त्रीच्या थोरल्या भावाची. अर्धांगवायूने दादा अंथरुणाला खिळला, तेव्हापासून सात वर्षं मिस्त्री एकटाच तिच्या मागे होता. कामावरून परस्पर दादाकडे जायचं, दिवसाचे आकडे सांगायचे. लग्नाचं म्हणाल, तर ते राहूनच गेलं.

"तोंड का उतरलंय, भाऊजी?" दार उघडताना वहिनीने विचारलं.

तो आत जाऊन कॉटच्या कडेला बसला. "दादा, संपलं. काढायला सांगितलंय."

दादा छताकडे पाहत अडखळत म्हणाला, "पात्यांच्या कडेनं... वायू निसटतो. एवढ्या लहान यंत्रात... मिळालेलं सगळं गळतीत जातं."

"हे आज सुचलं तुला?"

"दुसऱ्या वर्षी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मग बोलला का नाहीस?"

दादाने आपला धड हात चादरीवरून सरकवत त्याच्या मनगटापर्यंत आणला. "बोललो असतो, तर... रोज आला असतास?"

मिस्त्रीने मनगट सोडवून घेतलं नाही. दादाचा हातही धरला नाही.

दादाचं अंग पुसायची वेळ झाली होती. वहिनी कोमट पाण्याची बादली घेऊन आली. दोघांकडे न पाहता दारातच उभी राहिली. मिस्त्रीने तिच्या हातातून बादली घेतली, दादाला कुशीवर वळवलं. आता दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. ते बरंच झालं.

"उद्या येशील?" दादाने भिंतीला विचारल्यासारखं विचारलं.

मिस्त्रीने फडकं पिळलं.

"येऊन सांगायचं काय?" तो म्हणाला, आणि पाठ पुसत राहिला.